ऐंशी खलाशांची चाल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षे युद्धनौकेवर नोकरीला होते आणि त्यांना पोहता येत नव्हते. पोहण्याची वेळच आली नाही, कारण त्या तीस वर्षांत त्यांची नौका जागची हलली नाही. ती हलावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. वरून ती लाकडाची, पत्र्याची आणि डांबर फासलेल्या ताडपत्रीची होती. खाली कोळसा वाहणारा एक म्हातारा पडाव, म्हणजे सपाट बुडाची मालवाहू होडी, होती.

फार पूर्वीच्या एका युद्धात, शत्रूच्या विमानांनी खऱ्या नौका सोडून हिच्यावर बॉम्ब टाकावेत म्हणून ती घाईघाईने उभारण्यात आली होती. विमाने आली, खऱ्या नौकांवर बॉम्ब टाकून गेली, आणि हिला ओरखडाही उठला नाही. यावरून हिची सजावट कमी पडली असा निष्कर्ष वरिष्ठांनी काढला आणि खर्च वाढवून दिला. पुढे युद्ध संपले. नौका मोडायची तर ती नौका नाही हे कोणीतरी कबूल करायला हवे होते; आणि ते गुपित इतक्या वरच्या दर्जाचे होते की ते जाणून घेण्याचा अधिकार असलेले सगळे अधिकारी तोवर निवृत्त झाले होते. तेव्हा नौका राहिली आणि तिच्यावर माणसे भरती होत राहिली.

हे मला कसे ठाऊक, असा प्रश्न येईल. नोकरीत शिरताना दाजींना गुप्ततेची शपथ घ्यावी लागली होती. आई, वडील, पत्नी, अपत्ये आणि शेजारी यांपैकी कोणालाही कामाचे स्वरूप सांगणार नाही, असे तिचे शब्द होते. तिच्यात मेहुण्याचा उल्लेख नव्हता. ताई-दाजींना मूलबाळ नव्हते, म्हणून मी गावाहून कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहायला गेलो. त्या आठवड्यातच ही पळवाट दाजींच्या ध्यानात आली आणि पोटात साठलेले सगळे त्यांनी मला गच्चीवर ऐकवले. "तुला सांगतोय ते शपथेत बसतं," ते म्हणाले. "तू ताईला सांगितलंस, तर शपथ तू मोडलीस, मी नाही." मी शपथ घेतलेलीच नव्हती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले नाही.

दाजींचे काम चालण्याचे होते. नौकेवर ऐंशी खलाशी आहेत असे दुरून दिसायला हवे, आणि प्रत्यक्षात माणसे चार: एक साहेब, एक सुतार, दाजी, आणि दाजींना शिकवणारे वस्ताद. सुतार सकाळी धुराड्यात ओले गवत पेटवून धूर काढी. मग कपडे वाळत घालायचे. तेच सदरे रोज नव्याने भिजवावे लागत, कारण कोरडा सदरा वाऱ्यावर वेगळा फडफडतो आणि दुर्बिणीला ते कळते. यानंतर दाजी एक टोपी घालून नौकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात, शिडीने खाली उतरत, दुसरी टोपी घालून दुसरा माणूस होऊन वर येत. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. त्या म्हणीवर पगार घेणारा माणूस मी एकच पाहिला.

टोपी बदलून भागत नाही, ही वस्तादांची पहिली शिकवण. शत्रू टोपी पाहत नाही, पाय पाहतो. तेव्हा प्रत्येकाची चाल निराळी हवी. रजेवरून परतलेला लेफ्टनंट कसा चालेल, दाढ दुखणारा आचारी कसा चालेल, घरून पत्र न आलेला तारायंत्रवाला कसा, आणि जोडे सैल होणारा नवा भरती झालेला पोरगा कसा, हे सगळे दाजींनी घोटून घेतले. एक चाल मात्र वस्तादांनी शिकवली नाही. लांबच्या सफरीवरून आलेला खलाशी जमिनीवर पहिली पावले टाकतो ती. पाय फाकलेले, गुडघे सैल, आणि बंदराचा धक्का आपल्याखालून सरकतोय अशा बेताने टाकलेले पाऊल. दाजींनी ती आरशासमोर पुष्कळ करून पाहिली. वस्ताद म्हणाले, "राहू दे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. समुद्राचंही येत नाही."

काम संपल्यावर चाल उतरवून ठेवायची असे, पण दाजी कधी कधी विसरत. आमच्या वसाहतीचे जिने लोखंडी होते. कोण येतेय ते दोन मजले आधी ऐकू येई. ताई स्वयंपाकघरातूनच कान देई आणि म्हणे, आज यांची दाढ दुखतेय वाटते. दाजी दारात येईपर्यंत मिठाचे कोमट पाणी तयार असे. शपथेखातर दाजी निमूट गुळण्या करीत. सैल जोड्यांच्या पोराची चाल घेऊन आले, तर ताई त्यांना मोजे घ्यायला बाजारात पाठवी. घरात इतके मोजे झाले होते की मी कॉलेजची चार वर्षे एकही जोड विकत घेतला नाही.

वसाहत सगळी नौदलातल्या माणसांची होती. समुद्राकडच्या खिडक्यांच्या काचा हुकमाने रंगवलेल्या होत्या, सर्वसाधारण माणसाच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत. समुद्र फक्त उंच माणसांना दिसे, आणि शत्रूचे हेर उंच नसतात असा काहीतरी आधार त्यामागे असावा. ताई ठेंगणी होती. ओट्यापाशी उभी राहून तिला डोलकाठ्यांची टोके तेवढी दिसत, आणि त्यांतली कुठली टोके गेली आणि कुठली राहिली यावरून बंदरातून कोण बाहेर पडले ते ती सांगू शके. एक टोक कधीच जात नसे. ते आपल्या नवऱ्याच्या जहाजाचे आहे हे तिला ठाऊक होते. ते जहाज केव्हाही निघेल अशा तयारीत असते, एवढेच दाजींनी तिला सांगितले होते. आणि तेही खोटे नव्हते, कारण निघण्याची तयारी दाखवणे हेच त्यांचे काम होते.

त्या वसाहतीत बायकांचा मान नवऱ्याच्या गैरहजेरीवर ठरे. ज्याची सफर लांब, त्याची बायको नळावर पुढे. नौका परतल्या की बायका धक्क्यावर जाऊन उभ्या राहत, तेव्हाही क्रम तोच. नवरा शिडी उतरून पहिले पाऊल टाकी, तो डुलतच, आणि बायको पुढे होऊन त्याच्या कोपराला हात देत म्हणे, "सावकाश, जमीन आहे." हे वाक्य कोणी सुरू केले ते कोणालाच माहीत नव्हते, पण ते म्हटल्याशिवाय माणूस घरी आला असे धरत नसत. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली ते आधी घरात म्हणून बघत.

ताईने लग्नाच्या पहिल्याच वर्षी धक्क्यावर उभे राहण्यासाठी एक निळी छत्री घेतली होती, लाकडी मुठीची. ती कपाटाच्या वर कागदात गुंडाळून पडून होती. दाजी रोज संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन घरी येत.

शेजारच्या खोल्यांत पाणबुडीवरच्या एकाचे बिऱ्हाड होते. त्याची बायको आमच्यात पाणबुडीवहिनी म्हणूनच ओळखली जाई. तिचा नवरा सात-सात महिने दिसत नसे, त्यामुळे नळावर तिच्यापुढे कोणी नव्हते. ती ताईला म्हणे, तुमचे बरे आहे बाई, कचेरीत गेल्यासारखे जातात नि कोथिंबीर घेऊन येतात. ताईही काही कमी नव्हती. ती म्हणे, हो ना, तुमचे वर येतात तेव्हाच कळते की आहेत. सगळ्याजणी हसत. पण घरी आल्यावर ताई बादली जरा आदळून ठेवी, आणि दाजी वर्तमानपत्र उंच धरीत.

अशी वर्षे गेली. वस्ताद वारले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. मला त्याच शहरातल्या शाळेत नोकरी लागली आणि मी पलीकडच्या गल्लीत राहू लागलो. दाजींची निवृत्ती जवळ आली, आणि तिथे खरी अडचण सुरू झाली.

त्या बंदराचा एक नियम होता. निवृत्त होणाऱ्या माणसाला त्याच्या शेवटच्या दिवशी त्याची नौका एकदा बाहेर घेऊन जाई, दीपस्तंभाला वळसा घालून परत आणी, आणि घरचे लोक धक्क्यावर वाट पाहत. हे आचाऱ्यालाही मिळे आणि भांडी घासणाऱ्यालाही. ताईने तो दिवस मनात धरून ठेवला होता. तिने छत्री कागदातून काढली, मुठीला तेल लावले, आणि नळावर सांगून टाकले की यांची शेवटची फेरी आहे, सगळ्यांनी या. पाणबुडीवहिनी म्हणाली, बघू तरी, तुमचे जहाज पाण्यावर चालते की खिळ्याला टांगलेले आहे.

नौकेवरच्या साहेबांनी यावर एक तोडगा काढला. दाजींना निवृत्तच करायचे नाही. मुदतवाढ आली, ती संपली तेव्हा आणखी एक आली. साहेब मूळचे भांडार विभागातले. नांगरलेल्या नौकेवरही त्यांना बोट लागत असे, म्हणून ते दिवसभर आल्याचा तुकडा दाढेखाली धरून बसत आणि कुठलाही निर्णय बसूनच घेत. पण दाजींच्या गुडघ्यांनी साहेबांना जुमानले नाही. आधी आचारी लंगडू लागला, मग लेफ्टनंट, मग सैल जोड्यांचा पोरगाही. बाहेरच्या कोणी दुर्बीण लावली असती, तर आमचे अख्खे नौदल संधिवाताने बेजार आहे अशीच खबर त्याने घरी धाडली असती. वरून विचारणा झाली की खलाशांच्या प्रकृतीचे काय चालले आहे. मुदतवाढ थांबली.

दाजी साहेबांकडे गेले. तो सगळा प्रसंग सुताराने मला पुढे सांगितला, कारण दाजी स्वतः त्याविषयी बोलत नसत. दाजींनी म्हणे खुर्चीही घेतली नाही. एकदाच हलवा, एवढेच त्यांचे मागणे होते.

साहेब म्हणाले, "हलवायला आधी ते जहाज असावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची आहे, ती कशाला उघडायची?"

दाजी म्हणाले, "मग मी तीस वर्षं कुठं होतो, साहेब?"

साहेबांनी दाढेखालचे आले या बाजूचे त्या बाजूला केले. त्यांचीही निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि त्यांच्याही घरी कोणीतरी धक्क्यावर यायचे ठरवून बसले असावे. त्यांनी सुताराला विचारले की हे ओढले तर टिकेल का.

सुतार म्हणाला, "खालच्या फळ्या केव्हाच गेल्या. आता शिंपल्यांनी धरलंय. ओढलं तर शिंपले म्हणतील, आमचा काय संबंध."

यावर साहेब, आयुष्यात प्रथमच असेल, उभे राहिले, आणि लगेच बसले. पण तेवढ्यात निर्णय झाला होता. टगबोट सांगायची. इंजिनात थोडा बिघाड आहे, पण परंपरा मोडायला नको, असे टगवाल्याला सांगायचे. सुताराने तसे सांगितले. ज्या नौकेत इंजिनच नाही तिच्या इंजिनाला नावे ठेवताना आपल्याला फार अपराध्यासारखे वाटले, असे तो म्हणतो. टगवाला मितभाषी होता. त्याने दोर कुठे बांधायचा एवढेच विचारले.

साहेबांना भांडारातला खिळा न् खिळा माहीत होता, पण समुद्रावरचे शिष्टाचार माहीत नव्हते, आणि घोटाळा झाला तो तिथे. नौका मोडली न गेल्यामुळे काळाच्या ओघात ती बंदरातली सर्वांत ज्येष्ठ नौका होऊन बसली होती. जाणारी-येणारी प्रत्येक नौका तिला सलामी देई, हे त्यांना ठाऊक होते. ते त्यांना आवडतही असे. पण ज्येष्ठ नौका पूर्वसूचना न देता बाहेर पडली, तर बंदरातल्या सर्व नौकांनी क्रमाने तिच्या मागोमाग निघायचे आणि तिची खूण होईपर्यंत परतायचे नाही, हा नियम त्यांनी कधी ऐकला नव्हता. ज्यांनी ऐकला होता त्यांच्यावर तो पाळण्याची वेळ आली नव्हती.

त्या दिवशी सकाळपासूनच ताई धक्क्यावर होती. मी चहाचा थर्मास धरून तिच्या शेजारी. पहिल्या रांगेत उभे राहण्याचा तिचा तो पहिलाच दिवस, त्यामुळे ती जराशी रेषेच्या पुढेच उभी होती. पाणबुडीवहिनी नवऱ्याला घेऊन आली होती. तो आदल्या दिवशीच सात महिन्यांनी परतला होता आणि अजून डुलत होता. ताईने निळी छत्री उघडली. इतकी वर्षे मिटून राहिल्याने घड्यांवर कापड विरले होते. उन्हाच्या बारीक रेघा तिच्या तोंडावर पडल्या. तिने वर पाहिले, आणि छत्री तशीच धरून ठेवली.

टगबोटीने ताण घेतला. नौकेतून एक दीर्घ, तक्रारीचा आवाज निघाला. साखळदंड चिखलातून सुटले, शिंपल्यांनी बहुधा विचार पुढे ढकलला, आणि जे टोक ताईने ओट्यापाशी उभे राहून कधी हललेले पाहिले नव्हते ते हलले. ताई रेषेच्या आणखी एक पाऊल पुढे सरकली.

मग बंदरात एकामागून एक भोंगे वाजू लागले. आधी मोठी नौका निघाली, मग तिच्यामागची, मग लहान-सहान सगळ्या. एका नौकेचे रंगारी बाहेरून लोंबकळत होते, ते लोंबकळतच गेले. कुठे काय झाले हे कोणी कोणाला विचारले नाही. जे जहाज कोणाच्या आठवणीत हलले नव्हते ते हलले आहे, त्या अर्थी कारण तसेच गंभीर असणार, असे प्रत्येकाने धरले. पाणबुड्याही क्रमात होत्या. एक शिपाई धावत आला आणि वहिनीच्या नवऱ्याला घेऊन गेला. त्याच्या हातात ताईने दिलेला चहाचा पेला होता. तो त्याने धावता धावता माझ्याकडे दिला. अशा रीतीने एक कोळशाचा पडाव, ओले गवत जाळीत, सगळ्या आरमाराला मागे घेऊन समुद्रात गेला.

दीपस्तंभापलीकडे काय झाले ते मला नंतर कळले. साहेब आडवे झाले होते. मागे रांगेत येणाऱ्या नौका पाहून सुताराला उतारवयात लग्नाला उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या वरातीची आठवण झाली, आणि परतण्याची खूण आपण करायची असते हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात कपडे वाळत घालण्याची वेळ झाली. सुताराने सवयीने दोरीवर सदरे चढवले: तीन सदरे, दोन पाटलोणी, एक टॉवेल. मागच्या नौकांनी दुर्बिणी लावून ते निशाणांची खूण समजून वाचले. त्यांनी काय वाचले ते कोणी कधी उघड केले नाही, पण सगळ्या वळल्या. पुढे वरिष्ठांनी त्या सरावाविषयी समाधान व्यक्त केले आणि असा सराव दरवर्षी व्हावा असे सुचवले.

धक्क्यावरून आम्हाला नौका परतताना दिसली. ती एका अंगाला कलली होती. आणि तिच्यावर माणसे चालत होती. टगबोटीवरच्या लोकांना आणि मागच्या नौकांना संशय येऊ नये, म्हणून दाजींनी शेवटचे सगळे काम काढले होते. एक जण ऐटीत टोकापर्यंत गेला. त्याच्यामागे एक गाल धरून आला. मग एक मान खाली घालून, मग एक सैल जोडे फरफटत. टोप्या बदलत होत्या. गुडघे सगळ्यांचेच दुखत होते.

पाणबुडीवहिनीने डोळ्यांवर हात धरला. आज तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नवरा पुन्हा गेल्यामुळे ती थोडी हळवी झाली असावी.

"एवढ्यातले तुमचे कुठले हो?"

ताई एकेकाकडे पाहत होती. लोखंडी जिन्यावरून ही पावले तिने इतकी वर्षे ऐकली होती, एकेकाला मिठाचे पाणी दिले होते, मोजे आणायला धाडले होते. मी थर्मासाचे झाकण घट्ट करीत राहिलो. ती माझ्याकडे वळली तर काय सांगायचे ते मला सुचत नव्हते. ती वळली नाही.

"सगळेच," ती म्हणाली.

वहिनीने आदराने मान डोलावली.

नौका धक्क्याला टेकली, आणि टेकल्यावर शिंपल्यांनी आपला संबंध संपवला. ती हातभर खाली गेली, चिखलावर बसली, आणि तिथेच राहिली. आजही आहे, तिला ज्येष्ठतेची सलामी अजून मिळते. साहेबांना दोघांनी उचलून उतरवले. मग शिडीच्या तोंडाशी दाजी दिसले, हातात टोपी, डोक्यावर एकही नाही. चेहरा हिरवट पडला होता. त्यांनी कठडा धरला, एक पाय धक्क्यावर ठेवला, आणि धक्का त्यांच्याखालून सरकला.

पाय फाकलेले, गुडघे सैल. दुसरे पाऊल त्यांनी टाकले ते जमीन कुठे आहे याचा अंदाज घेत. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिले, आणि मग कोणीतरी दाद द्यावी अशा अपेक्षेने वर पाहिले. वस्ताद असते तर बरे झाले असते.

ताईने छत्री माझ्याकडे दिली. ती पुढे झाली आणि तिने त्यांच्या कोपराला हात दिला.

"सावकाश," ती म्हणाली. "जमीन आहे."